स्मार्ट शाळा काढायचीय? आधी चपला काढा

संस्थाचालक महोदय, ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत जो तो फलक लावून मुलांना भविष्यासाठी घडवत असताना तुम्ही नुसतं शिकवत बसलात, तर प्रवेश घ्यायला येणार कोण? तेव्हा टेक्नॉलॉजी आणाच. कशी, ते मी सांगतो. सल्ल्याची फी नाही, तुमच्या शाळेत हे एकच फुकट समजा.

पहिला मान स्मार्ट बोर्डाचा. तो बालवर्गात बसवा. ज्याला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही, त्याच्या बोटाने पडद्यावरचा हत्ती हलला की पालक जागच्या जागी चेक फाडतात. बोर्डावरचं प्लास्टिक मात्र काढू नका. रिमोट मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात ठेवा, कपाटाची किल्ली मामांकडे, आणि मामांना बँकेत पाठवा.

मग संगणक कक्ष. हे शाळेचं देवघर आहे हे विसरू नका. दाराबाहेर ‘चपला येथे काढाव्यात’ ही पाटी हवीच, आत एसी फक्त संगणकांसाठी. ठाण्यातल्याच एका कक्षात मी मार्च महिन्यात गेलो होतो. प्रत्येक मॉनिटरवर खंडेनवमीचं हळदकुंकू ठसठशीत होतं आणि एका कीबोर्डच्या ‘एंटर’वर झेंडूची वाळकी पाकळी पडलेली होती. दसऱ्यापासून मार्चपर्यंत कुणी एंटर दाबलेलं नाही! देखभाल म्हणतात ती ही.

कोडिंगचं काय? २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, सहावीपासून सुरू करा. सरकारी माणसं, त्यांना कसली घाई? तुम्ही ज्युनिअर केजीपासून सुरू करा.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात, सरकारच्या दीक्षा अॅपवर धड्यांचे व्हिडिओ असतात, आणि हे सगळं फुकट. पुस्तकात क्यूआर कोड टाकायची सुरुवात केली ती सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं, १० लाख डॉलरचं, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकले. असली माणसं धंद्याला मारक. पालकसभेत हा विषय निघाला तर चहा आणायला सांगा.

शाळेचं अॅप मात्र स्वतःचं हवं, आणि गृहपाठ त्यावर रात्री दहानंतरच टाकायचा. त्याची खरी गंमत आमच्यासारख्यांच्या घरी येऊन बघा. फाइल उतरवायची. सकाळी शाळेच्या आधी झेरॉक्सवाल्याकडे रांग लावून प्रिंट काढायची. संध्याकाळी मुलाने त्यावर पेन्सिलीने सात ओळी लिहायच्या. मग तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरून आईने ट्यूबलाइटखाली फोटो काढायचा, त्यात आईच्याच हाताची सावली, म्हणून पुन्हा काढायचा. पीडीएफ करायची, ती दोन एमबीच्या वर गेली म्हणून बारीक करायची, बारीक केल्यावर सातातल्या चारच ओळी वाचता येतात. अपलोड. ‘सर्व्हर व्यस्त आहे.’ तोवर मुलगा झोपलेला असतो. भविष्यासाठी कोण तयार होतंय, हा प्रश्न तुम्हाला पडायचं कारण नाही. आमच्या घरात तरी आई तयार झालीय.

आणि बाई काय करतात? बाई त्या बेचाळीस पीडीएफ शाळेच्या प्रिंटरवर छापतात, लाल पेनाने तपासतात आणि फोटो काढून परत अॅपवर टाकतात. अपलोडची संख्या दुप्पट होते, ती वार्षिक अहवालात घ्या.

जाता जाता एक. स्मार्ट बोर्ड बसवताना मागचा फळा उखडू नका. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की बाईंना तो लागतो. खडूचा खोका स्टाफरूममधल्या कपाटात, खालच्या खणात असू द्या. आणि त्या खणाला कुलूप नको.