पाच वर्षं झाली म्हणून गाडी विकायची?

दसरा-पाडवा तोंडावर आला की एक मेसेज हटकून फिरतो: ‘शहाणा माणूस पाच वर्षांवर गाडी ठेवत नाही.’ कारणं चार दिलेली असतात. गाडीची किंमत पडते, गॅरेजचा खर्च वाढतो, विमा कंपनी हात वर करते आणि पंधरा वर्षांनी सरकार गाडी भंगारात काढतं. शेवटचं कारण आधी घेतो, कारण लोक घाबरतात ते त्यालाच.

ही भीती दिल्लीहून आलेली आहे. दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल रस्त्यावर नको, हे आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी निघाले. आपल्या कोल्हापूरच्या, म्हणजे एमएच-09 च्या गाड्यांना ते लागू नाहीत. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं. ते संपलं की आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 वरून 5000 झाली, वर पर्यावरण कर. खर्च वाढला हे खरं, पण गाडी कुणी ओढून नेत नाही.

आता किंमत. पाच वर्षांत किंमत पडते म्हणून विका, हा हिशेबच उलटा आहे. विम्यात गाडीची किंमत ज्या तक्त्यानं धरतात, त्यात सहा महिन्यांनंतर 15 टक्के आणि पाचवं वर्ष भरेपर्यंत 50 टक्के घट धरलेली असते. म्हणजे 10 लाखांच्या गाडीचे पाच लाख गेले, ते याच काळात. बाजारभाव थोडा इकडेतिकडे होईल, पण मोठा खड्डा पहिल्या पाच वर्षांतच पडतो. तो भरून झाल्यावर गाडी विकून नवी आणायची, म्हणजे नव्या खड्ड्यात उतरायचं. शिवाय 10 लाखांच्या पेट्रोल गाडीचा 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 1 लाख 10 हजार, पुन्हा पहिल्यापासून. कर्ज काढलं तर व्याज वेगळंच. शोरूमवाल्याला हा मेसेज का आवडतो, ते वेगळं सांगायला नको.

गॅरेजचा खर्च वाढतो, नाही कशाला म्हणू? पण क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी आणि चारही टायर एकाच वर्षात निघाले, तरी छोट्या गाडीचं बिल वर्षाला लाखाच्या घरात जात नाही, आणि दरवर्षी सगळं एकदम निघतही नाही. त्यात आपण कोल्हापुरात राहतो. उद्यमनगरात एखादा पार्ट बदलण्याऐवजी तो खरडून, बुश घालून परत बसवून देणारे मिस्त्री आजही आहेत. मात्र ब्रेक आणि स्टिअरिंगच्या कामात असली काटकसर नको. तिथं नवाच पार्ट टाका.

विम्याचं थोडक्यात. पाच वर्षांनंतरही फुल विमा मिळतो, फक्त गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी बोलून ठरवता. झिरो डेप, म्हणजे पार्टची झीज न कापता क्लेम देणारं जोडकव्हर, मिळणं अवघड होतं, त्यामुळे क्लेममध्ये प्लास्टिक-रबरच्या पार्टचे निम्मे पैसे खिशातून जातात. थर्ड पार्टीचा हप्ता तर गाडीच्या वयावर नसतोच, इंजिनच्या सीसीवर असतो.

मग गाडी कधी बदलायची? मेसेजमध्ये नसलेली कारणं बघा. तुमच्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) नसेल आणि महिन्यातून दोनदा पोरंबाळं घेऊन हायवेनं पुण्याला जात असाल, तर गाडी कितीही छान पळू दे, बदला. 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, पुढं शेजारच्या सीटलाही. दुसरं कारण गंज. गगनबावड्याकडचा पाऊस आणि मालवण-देवगडची खारी हवा खाल्लेल्या गाडीच्या दाराखालच्या पट्टीवर अंगठा दाबून बघा. डिकीतली स्टेपनी काढून खालची खोबण बघा. पत्रा कुरकुरला की रंगकामावर पैसे घालू नका.

आणि तिसरं, आपल्याकडचं खास: 2019 किंवा 2021 च्या महापुरात डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी. वायरिंगचे जोड आतून हिरवे पडत जातात आणि बिघाड कुठून निघेल याचा नेम राहत नाही. अशी गाडी पाच वर्षांची व्हायची वाट बघू नये. फक्त विकताना घेणाऱ्यापासून पूर लपवू नका. तो तयारीचा असेल तर सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघणारच, आणि चिखलाचा डाग राहतो तो नेमका त्या टोकाला.