पंचम खाली आला

गेली एकोणीस वर्षं मी बुवांच्या मागे बसतो. अगदी शब्दशः मागे, डाव्या खांद्याच्या आड, तंबोरा घेऊन. खरं म्हणजे मी त्यांच्याकडे गाणं शिकायला गेलो होतो. दुसऱ्या वर्षी बुवा म्हणाले, "तुझा कान फार चांगला आहे." गाणं शिकलेल्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. कानाचं कौतुक झालं, की गळ्याचा निकाल लागलेला असतो.

तर आमच्या बुवांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. राष्ट्रपतींच्या हस्ते ताम्रपत्र, अंगवस्त्र आणि एक लाख रुपये. दिल्लीचा सोहळा मी मोबाइलवर पाहिला. नाव पुकारलं, बुवा चालत गेले, नमस्कार झाला, ताम्रपत्र हातात आलं, फोटो निघाला. मी चहात बिस्किट बुडवलं होतं, ते मोडून पडायच्या आत बुवा खुर्चीत परत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. पण दिल्लीने पुरस्कार दिला की पुण्याला सत्कार करावाच लागतो, नाहीतर तो पुरस्कार आपल्याला मान्य नाही असा अर्थ निघतो. दिल्लीचं आम्हा पुणेकरांना तसं दडपण नाही. अकादमीचं उद्घाटन १९५३ सालच्या जानेवारीत झालं आणि त्याच वर्षी इथे सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला, त्यामुळे आम्ही तिला बरोबरीची समजतो. भीमसेनजींना २००८ साली भारतरत्न जाहीर झालं आणि पुढच्या वर्षी ते त्यांच्या पुण्यातल्या घरी आणून दिलं गेलं. त्यांची तब्येत बरी नव्हती म्हणून, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आमच्या वाड्यातले एक आजोबा म्हणाले होते, "बरोबर आहे. द्यायचंय त्याने यावं."

सत्काराची वेळ सायंकाळी साडेपाच. पत्रिकेत ठळक अक्षरांत 'ठीक' लिहिलेलं. सत्कारानंतर बुवांचं गायन. सकाळी बुवांचा फोन आला, "यमन गाईन. अर्धा तास. पंचमाचा तंबोरा आण."

तंबोरा आणणं म्हणजे काय ते सांगतो. पुरुषी तंबोरा साधारण पाच फुटांचा. माझाही तेवढाच, म्हणजे माझ्याएवढाच. मांजरपाटाच्या गवसणीत घालून तो उभा केला की लांबून कुणीतरी आजारी नातेवाईक आधाराने उभा आहे असं वाटतं. रिक्षात भोपळा मांडीवर, दांडी बाहेर. दांडीचं टोक बसला लागू नये म्हणून मी हात बाहेर काढून तिला धरतो, त्यामुळे मागचे सगळे समजतात की रिक्षा उजवीकडे वळतेय. रिक्षावाल्याने एकदा वळून पाहिलं. "काका, भोपळ्याला पण सीट लागली की. हाफ रिटर्न द्यावं लागेल." मी म्हटलं, हा मिरजेचा तंबोरा आहे, भाजीचा भोपळा नाही. तो म्हणाला, "मिरजेचं हाफ रिटर्न कुठं मागतोय?"

साडेपाचचा कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला. सभागृह साडेनऊला रिकामं करायचं असल्यामुळे आयोजकांनी युक्ती काढली: मंचावर पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, मागे बैठक आधीच घातलेली, म्हणजे खुर्च्या उचलल्या की लगेच गाणं. आम्ही चौघं, तबला, पेटी आणि दोन तंबोरे, पहिल्या मिनिटापासून मागे मांडी घालून बसलो. समोर सहा पाठी.

दीपप्रज्वलनाला पंखा आडवा आला. पंखा बंद केला, तर काडी आडवी आली. मग ईशस्तवन, स्वागत, प्रास्ताविक, आणि प्रास्ताविकात राहून गेलेल्या गोष्टी. एका वक्त्यांनी अकादमीची सबंध घटना समजावून दिली. वयाच्या चाळिशीच्या आत असाल तर उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार, पंचवीस हजारांचा. आणि सगळ्यांत वर अकादमी रत्न, तेही एका वेळी हयात चाळीसच. "म्हणजे दोन्हीकडे चाळीस!" असं म्हणून ते थांबले. टाळ्या पडल्या नाहीत. माझ्या डोक्यात दुसराच हिशोब चालू होता. चाळिशी ओलांडून मला सतरा वर्षं झालीत आणि चाळीस जणांत मी बसत नाही, त्यामुळे मला दोन्ही दरवाजे बंद. गायन, वादन, नृत्य, नाटक, लोककला, बाहुल्यासुद्धा, सगळ्यांना पुरस्कार आहेत. मागे बसणाऱ्यांचा रकाना काही मला सापडला नाही.

मग शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी. पगडी बुवांना एक माप मोठी झाली आणि ती सरळ चष्म्यावर टेकली. निवेदिका म्हणाली, या पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं आणि ती म्हणाली, मिरजेच्या तंबोऱ्यालाही २०२४ साली मिळालं. टाळ्या. बुवांना ताम्रपत्र, पगडीला मानांकन, मी धरलेल्या तंबोऱ्यालाही मानांकन. मंचावर बिनपुरस्काराचा मीच.

पावणेनऊ झाले. उजवा पाय कधीच गेला होता. नाकाच्या शेंड्यावर काहीतरी चालत होतं आणि मी पहिल्या रांगेतल्या आमदारांच्या बरोबर समोर होतो. मानपत्राचं वाचन चालू असताना बुवा खुर्चीतून किंचित मागे कलले आणि पगडीखालून पुटपुटले, "मालकंस."

मी म्हटलं, "बुवा, यमन ठरलाय."

"यमनची वेळ भाषणांत गेली."

"पण मालकंसालाही अजून वेळ आहे."

"पाहुणे बोलायचेत अजून. होईल मध्यरात्र."

मालकंस रागात पंचम, म्हणजे 'प' हा स्वर, वर्ज्य. त्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर, 'म'वर, उतरवायची. एरवी हे आतल्या खोलीत होतं, खुंटी सैल करायची, मग मणी सरकवून बारीक मिळवायचं. इथे भर मंचावर, गुपचूप करायचं होतं. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा मी ठरवलं, हीच वेळ. भाषणाच्या आवाजाखाली जाईल.

माझ्यापुढचा माइक चालू आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाहुण्यांचा आवाज लागला होता. "बुवांनी आयुष्यात तडजोड केली नाही. माणसं बदलली, काळ बदलला, पण बुवांनी आपला स्वर कधी..." इथे त्यांनी परिणामासाठी थांबा घेतला, आणि त्या थांब्यात मी तार छेडून खुंटी फिरवली. खुंटी सुटली. सभागृहाच्या चारही स्पीकरमधून पंचम घरंगळत निघाला, मध्यमावर थांबला नाही, गंधाराला विचारलं नाही, आणि षड्जाच्याही खाली कुठेतरी जाऊन 'भ्यँऽऽव' करून पडला.

"...खाली येऊ दिला नाही," पाहुण्यांनी वाक्य पूर्ण केलं.

पहिल्या रांगेतले आमदार शिष्टाचार विसरून हसले. मग सगळेच हसले. बुवांची पाठ हलत होती. हसून की रागाने, पाठीवरून कळत नाही. पेटीवाला पेटीवर कपाळ टेकून बसला होता. पाहुणे मात्र जातीचे वक्ते. वळून माझ्याकडे पाहत म्हणाले, "साथीदारांनाही माझं बोलणं लांबलं असं वाटतंय," आणि दोन मिनिटांत आवरलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी खुर्च्या उचलल्या गेल्या.

बुवा वीस मिनिटं मालकंस गायले. काय गायले ते सांगायची माझी ताकद नाही, पण विलंबितात पहिल्या मध्यमावर ते उभे राहिले तेव्हा माझा गेलेला पाय परत आला.

आभार मानताना माइकवाले, फुलवाले, चहावाले, सभागृहाचे रखवालदार, सगळ्यांची नावं घेतली. "आणि तंबोऱ्यावर" म्हणून निवेदिकेने कागद उलटा केला, सुलटा केला, आणि "आपण सर्व रसिक" म्हणून मोकळी झाली. निघताना बुवा म्हणाले, "खुंटीला खडू लाव रे." बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. बुवा, पगडी, पाहुणे, आमदार, आणि उजव्या कडेला तंबोऱ्याच्या दोन खुंट्या व त्यांच्याखाली एक कोपर. बायकोने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हे तुमचंच," ती म्हणाली. "झब्बा उसवलाय तिथे."