एफवाय झालं, आता विद्यापीठ बदलायचंय? मग आधी चपला नवीन घ्या

एकाच राज्यातली विद्यापीठं. एकाच कायद्याखाली चालणारी, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६. सगळ्यांचे कुलपती एकच, राज्यपाल. आणि एफवाय, म्हणजे पदवीचं पहिलं वर्ष, संपवून सोलापूरहून कोल्हापूरला जायचं म्हटलं की पोराकडे काय मागतात? मायग्रेशन सर्टिफिकेट. शुद्ध मराठीत स्थलांतर प्रमाणपत्र. अरे, तो उजनी धरणावर आलेला फ्लेमिंगो आहे का? ज्या सोलापूरची कॉलेजं २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातच होती, तिथून त्याच शिवाजी विद्यापीठात यायला आज पोराला परदेशी पाहुण्यासारखं खिडकीबाहेर उभं करतात. गडचिरोली ते नागपूर तेच, २०११ पर्यंत ते एकच विद्यापीठ होतं. बेळगावहून कोणी कोल्हापूरला आलं तर निदान राज्य तरी बदलतं, कागद मागितले तर समजू शकतो. पण इथल्या इथे?

आणि हे सगळं कधी? तर ‘श्रेयांक हस्तांतरण’, ‘लवचिकता’, ‘विद्यार्थी केंद्रस्थानी’ असले शब्द प्रत्येक बॅनरवर झळकत असताना. २०२१ साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली. नाव बँक. श्रेयांक, म्हणजे पेपर पास होऊन कमावलेली क्रेडिट्स, खात्यात जमा होणार, सात वर्षं टिकणार, कुठल्याही संस्थेत जाऊन वापरा, फक्त जी संस्था पदवी देणार तिथे निम्मे तरी कमवा. कागदावर झकास. आता डिजिलॉकर उघडा, बारा अंकी आयडी काढा आणि खात्यात बघा. एफवायचे ४४ श्रेयांक कमावलेल्या पोराच्या खात्यात भोपळा! कारण या बँकेत श्रेयांक कमावणाऱ्याला स्वतः भरता येत नाहीत. भरायचे विद्यापीठाने. विद्यापीठ म्हणतं कॉलेजने डेटा पाठवला नाही, कॉलेज म्हणतं पाठवला, तुमचं नाव जुळत नाही. आणि नाव जुळणार कसं? बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि वर आईचं नाव. एकाच पोराची तीन नावं सरकारनेच छापली, आणि ‘मिसमॅच’ झाला म्हणून खेटे मारायचे पोराने.

म्हणून पहिलं काम हेच. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा व्हायच्या आधी, मार्चमध्येच, खात्यात पहिल्या सेमिस्टरचे श्रेयांक दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या. सुट्टी लागली की त्या टेबलवर जूनपर्यंत माणूस सापडत नाही.

पण समजा दिसले श्रेयांक. झालं काम? छे. श्रेयांक दिसणं वेगळं आणि नव्या विद्यापीठाने ते मानणं वेगळं. इथे सुरू होतो समकक्षता नावाचा छळ. पोराने आपल्या एफवायचा प्रत्येक पेपर नव्या विद्यापीठाच्या एफवायच्या पेपरशेजारी लावून दाखवायचा. सिलॅबसची प्रत, तीही बोर्ड ऑफ स्टडीजने, म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने, मंजूर केलेली, त्याच वर्षाची, त्याच पॅटर्नची, आणि प्रत्येक पानावर प्राचार्यांची सही-शिक्का. प्रत्येक पानावर! सगळे विषय धरून चाळीस-पन्नास पानं सहज होतात. तो सिलॅबस विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जगजाहीर पडलेला आहे. तपासणाऱ्याने दोन क्लिक केले तर दिसेल. पण नाही, झेरॉक्स आणा, शिक्का मारून आणा.

आणि जुळवायचं तरी काय? नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एफवाय म्हणजे नुसते तीन विषय आणि भाषा असं राहिलेलं नाही. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, आणि कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा असल्या छोट्या विषयांची व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. अर्धी इंग्रजी बाराखडी. आराखडा राज्याचा एकच, २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातून आलेला. पण आतला माल प्रत्येक विद्यापीठाने आपापला भरलाय. एकीकडे मेजरचे सहा श्रेयांक चार अधिक दोन असे, दुसरीकडे तेच तीन अधिक तीन. तुमचा चाराचा पेपर त्यांच्या तिनाच्या पेपरला लावला तर एक श्रेयांक हवेत लटकतो आणि तुमचा दोनाचा त्यांच्या तिनाच्या पेपरला एकाने कमी पडतो. बेरीज दोन्हीकडे सहाच! पण क्लार्ककडे जो तक्ता आहे त्यात बेरजेचा रकाना नाही, पेपरनिहाय रकाना आहे. मग शेरा येतो, ‘एक विषय समकक्ष नाही, एफवायचा सदर पेपर उत्तीर्ण होणे आवश्यक.’ म्हणजे एसवायला, दुसऱ्या वर्षाला, बसून एफवायचा पेपर द्या, वेळापत्रक एकमेकांवर आपटलं तर तुमचं नशीब.

मायनरची तर गंमतच. अर्थशास्त्र मेजर, मानसशास्त्र मायनर घेतलेली मुलगी ज्या कॉलेजात जाणार तिथे मानसशास्त्र विभागच नसेल तर? मायनर बदला म्हणतात, आणि बदलायचं तर मायनरचे आधीचे श्रेयांक नव्या मायनरमधून भरून काढा. हे कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं असतं? कुठल्याच नाही. प्रवेश झाल्यावर विभागप्रमुख सांगतात, ऑगस्टमध्ये.

बरं, विद्यापीठ न बदलता नुसतं कॉलेज बदलणाऱ्याने हसू नये. स्वायत्त कॉलेजचा सिलॅबस स्वतःचा असतो. रस्त्याच्या अलीकडचं कॉलेज संलग्न आणि पलीकडचं स्वायत्त, दोन्ही एकाच विद्यापीठाची, तरी समकक्षतेची हीच वरात काढावी लागते. आणि स्वायत्त कॉलेजं मधल्या वर्षी बाहेरचा विद्यार्थी घ्यायला मुळात राजी नसतात, जागा रिकाम्या असल्या तरी.

आता मुख्य तमाशा, टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. जुनं कॉलेज म्हणतं, नव्या कॉलेजचं प्रवेश देत असल्याचं पत्र आणा, मग टीसी देतो. नवं कॉलेज म्हणतं, टीसी आणा, मग प्रवेश देतो. आधी लगीन कोंढाण्याचं की रायबाचं, हे तानाजीने तरी ठरवलं होतं. इथे कोणी ठरवत नाही. मायग्रेशन विद्यापीठ देणार, त्यासाठी टीसीची प्रत लागणार, टीसीवर ‘शेवटची परीक्षा व निकाल’ हा रकाना भरायला दुसऱ्या सेमिस्टरची मार्कशीट लागणार, आणि निकाल? निकाल लागायच्या आत नव्या कॉलेजची एसवायची प्रवेशाची मुदत संपलेली असते. मुदतीनंतर प्रवेश हवा तर विद्यापीठाची विशेष परवानगी आणि विलंब शुल्क. उशीर विद्यापीठाच्या निकालाचा, विलंब शुल्क विद्यार्थ्याला! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात ते हेच. आणि एखादा विषय राहिला असेल तर बोलायलाच नको. जुन्या कॉलेजात एटीकेटीवर एसवायला बसता येतं, पण तीच एटीकेटी घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जायला बहुतेक विद्यापीठांचे पात्रता विभाग, बाहेरून आलेला विद्यार्थी घ्यायचा की नाही हे ठरवणारे, हात वर करतात.

यातून त्यातल्या त्यात सुखरूप निघायचा एकच क्रम आहे आणि तो कोणतीही खिडकी स्वतःहून सांगणार नाही. टीसीला सगळ्यात शेवटी हात लावायचा. आधी नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाला सिलॅबस आणि पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट जोडून अर्ज, समकक्षता लेखी हवी म्हणून. तोंडी ‘होऊन जाईल’ याला काडीची किंमत नाही. मग नव्या कॉलेजकडून प्राचार्यांच्या सहीचं पत्र: अमुक अभ्यासक्रम, एसवाय, जागा उपलब्ध आहे, कागदपत्रांच्या अधीन राहून प्रवेश देऊ. हे दोन कागद हातात आल्यावरच जुन्या कॉलेजात ना-हरकत आणि टीसीचा अर्ज. उलटं केलं, आधी टीसी काढला आणि मागून समकक्षता नाकारली, तर जुन्या कॉलेजातली जागा गेलेली असते. तेलही गेलं, तूपही गेलं. काढलेला टीसी रद्द करून घेणं हे त्याच कॉलेजात नव्याने प्रवेश घेण्याहून अवघड आहे.

टीसी हातात आला की तिथेच, काउंटर सोडायच्या आत वाचायचा. नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), आणि सोडताना कोणत्या वर्गात होता तो रकाना. तिथे घाईत ‘एफवायमध्ये शिकत आहे’ असं लिहितात आणि निकालाच्या रकान्यात रेघ मारतात. हा कागद पुढे गेला की नवं विद्यापीठ म्हणणार, हा तर एफवाय नापास. दुरुस्तीला पुन्हा अर्ज, पुन्हा प्राचार्य, पुन्हा ‘साहेब मीटिंगला गेलेत’. मूळ टीसी नव्या कॉलेजात कायमचा जमा होतो, म्हणून आधी दोन-तीन साक्षांकित प्रती आणि एक स्कॅन ठेवा.

टीसीच्या आधी तो नो ड्यूजचा फॉर्म, याच्याकडे आमचं काही देणं नाही असं सांगणारा. एक पान, त्यावर सात-आठ चौकोन: ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, एनएसएस, वसतिगृह, शिष्यवृत्ती, लेखा विभाग, वर्गशिक्षक. कला शाखेच्या पोराने, जो प्रयोगशाळेच्या दारातही कधी उभा राहिला नाही, त्याने प्रयोगशाळा सहायकाची सही आणायची, की याने आमची टेस्ट ट्यूब फोडलेली नाही. जिमखान्याचे सर मे महिन्यात कुठे असतात? गावाला. ग्रंथपाल दुपारी दोननंतर. लेखा विभाग दुपारी दोनपर्यंत. हे वेळापत्रक कोणी मुद्दाम बसवलं नसेल, पण मुद्दाम बसवायला घेतलं असतं तर याहून बरं जमलं नसतं.

खाजगी कॉलेजांपैकी काहींची तर वेगळीच खंडणी. ‘कोर्स तीन वर्षांचा आहे, उरलेल्या दोन वर्षांची फी भरा, मग टीसी.’ हे ऐकून आईबाप कर्ज काढायला निघतात. निघू नका. यूजीसीच्या २०१८ च्या सूचनेत स्पष्ट आहे: ज्या सेमिस्टरला किंवा वर्षाला विद्यार्थी शिकणार तेवढीच फी घ्यायची, पूर्ण अभ्यासक्रमाची आगाऊ फी उकळायला सक्त मनाई. मूळ मार्कशीट, मूळ दाखले अडकवून ठेवायलाही मनाई, तपासायचे आणि परत द्यायचे. त्या सूचनेची प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज द्या, त्याची एक प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांना. खिडकीवर आवाज चढवून काही होत नाही, आवक क्रमांक पडलेल्या अर्जाने बऱ्याचदा होतं.

आवक क्रमांक हा या सगळ्यातला खरा देव. कोणताही कागद देताना दुसरी प्रत घेऊन जा, तिच्यावर तारखेसह शिक्का आणि क्रमांक घ्या. मायग्रेशन अडकलं असेल तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित केलेल्या सेवांची यादी शोधा. त्यात मायग्रेशन असेल तर मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील कोणाकडे हे सगळं तिथेच मिळतं. समकक्षतेची फाईल कुठे धूळ खातेय हे कळायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. तीस दिवसांत सेमिस्टरचा तिसरा हिस्सा संपतो हेही खरंच, पण फाईल त्या अर्जाने हलते.

शिष्यवृत्तीवाल्यांनी महाडीबीटीकडे, राज्याच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या पोर्टलकडे, आत्ताच बघा. गेल्या वर्षीचा अर्ज जुन्या कॉलेजच्या नावावर आहे, आणि नूतनीकरण निमूट तसंच भरलं तर ते जुन्याच कॉलेजच्या लॉगिनला जाऊन बसायची भीती. नवं कॉलेज म्हणणार आमच्याकडे अर्ज दिसत नाही, म्हणून पूर्ण फी भरा.

आणि एवढं करून प्रवेश झाला, वर्ग सुरू झाले, तरी तो प्रवेश तात्पुरत्या पात्रतेवर असतो. मूळ मायग्रेशन नव्या विद्यापीठात पोचून अंतिम पात्रता मिळेपर्यंत डोक्यावर तलवार. कॉलेजने ते पुढे पाठवलं की कपाटात ठेवलं, हे कळतं थेट तिसऱ्या सेमिस्टरच्या निकालादिवशी: निकाल राखीव. पोराने मायग्रेशन देऊन चार महिने झालेले असतात. पुन्हा तीच खिडकी.

आता राहिली अनामत रक्कम. जुन्या कॉलेजने एफवायला घेतलेली, ग्रंथालयाची आणि प्रयोगशाळेची, परत मिळणारी म्हणून पावतीवर छापलेली. ती मागायला गेलं की मूळ पावती लागते. मूळ पावती टीसीच्या अर्जाला जोडून घेतलेली असते. त्याच ऑफिसात, पलीकडच्या टेबलवर, फाईलमध्ये. ‘ती आता काढता येणार नाही, डुप्लिकेट पावतीसाठी अर्ज करा. अर्जाचा फॉर्म वीस रुपये.’