माझे बाबा आणि तिचे आजोबा

माझे बाबा आणि माझ्या लेकीचे आजोबा हा एकच माणूस होता, हे आमच्या घरात अजून कुणाला नीट पटलेलं नाही. बाबांना जाऊन काही महिने झाले. आठवणी निघाल्या की वाद होतोच. मी सांगते ते लेकीला खोटं वाटतं आणि ती सांगते ते ऐकून माझा भाऊ म्हणतो, "हे आपले बाबा नव्हेतच."

बाबा फिटर होते. निवृत्तीनंतरही त्यांचे हात कधी रिकामे नसायचे. घड्याळ, पंखा, शिलाई मशीन, काहीही उघडायचं असलं तरी पद्धत ठरलेली. आधी मोठा कोरा कागद पसरायचा, त्यावर पेन्सिलीने त्या वस्तूचा ढोबळ आकार काढायचा. मग जिथला स्क्रू निघाला, कागदावर नेमक्या त्याच जागी तो ठेवायचा आणि शेजारी आकडा लिहायचा. वॉशर ज्या बाजूने बसलेला असेल त्याच बाजूने ठेवायचा, उलटा नाही. जोडताना शेवटच्या आकड्याकडून पहिल्याकडे यायचं. सगळं जोडून झालं की कागदावर नुसते आकडे उरायचे.

आम्हा भावंडांना तेव्हा शेजारी बसायची मुभा होती, हात लावायची नव्हती. "लांबून बघ." एकदा भावाचा पाय लागून कागद हलला, तेव्हा बाबांनी चढवलेला आवाज त्याला आजही आठवतो. त्यानंतर तो कधी त्या कागदाजवळ बसला नाही.

आणि याच माणसाने माझी लेक जेमतेम शाळेत जायला लागली होती तेव्हा तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला! स्वतःचे हात पाठीमागे एकमेकांत अडकवले आणि बघत बसले. ती उलट्या बाजूने फिरवत होती, स्क्रू सैल व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट होत होता. मी सांगायला तोंड उघडलं तर डोळ्यांनीच मला गप्प केलं. बऱ्याच वेळाने तिचं तिलाच कळलं. "सापडलं ना?" एवढंच म्हणाले आणि पुढचा आकडा लिहायला पेन्सिल तिच्या हातात दिली.

खरं सांगते, मला आनंद झाला आणि त्याच वेळी आत कुठेतरी दुखलंही. हे आमच्या वाट्याला का आलं नाही? यावर मी खूप विचार केला आहे. आम्ही लहान होतो तेव्हा एखादं मशीन बिघडलं तर नवीन घ्यायची ऐपत नव्हती. पहाटेची शिफ्ट होती, घरात त्यांचे आजारी आई-वडील होते, आमच्या फिया होत्या. स्क्रू हरवला तर तो परवडणारा नव्हता. नातीच्या वेळेपर्यंत ती सगळी ओझी उतरली होती आणि ती पुढे कशी निघेल याची काळजी आता माझी होती, त्यांची नव्हती. प्रेम तेवढंच असावं, फक्त आमच्या वेळी ते काळजीच्या आवाजात बोलायचं. हे मला त्यांच्या हयातीतच उमगलं, याचं मोठं समाधान आहे.

शेवटच्या काही वर्षांत ते उमेदवारीच्या दिवसांबद्दलच बोलायचे. पहिला उस्ताद, पहिली लेथ, हातावरचा पहिला व्रण. तीच गोष्ट पुन्हा सुरू झाली की कुणीतरी म्हणायचंच, "सांगून झालंय हो बाबा." म्हातारपणी जुन्या गोष्टीत रमणं हे एकेकाळी डॉक्टरही मेंदू थकल्याचं लक्षण मानत. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1963 मध्ये वेगळं मांडलं: आयुष्य संपत आल्याची जाणीव झाली की माणूस मागे वळून त्याचा हिशेब लावतो, जुनी भांडणं मिटवतो, आणि हे अगदी स्वाभाविक आहे. उतारवयात सर्वांत जास्त आठवतं तेही साधारण दहा ते तीस या वयातलं, असं स्मृतीचे अभ्यासक सांगतात. म्हणजे बाबा आम्हाला कंटाळा आणत नव्हते. आमच्या जन्माआधीचा माणूस आमच्या स्वाधीन करत होते.

तो माणूस आम्हाला खरा भेटला तो ते गेल्यानंतर, त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडून. बाबांनी तरुणपणी एका भागीदारासोबत स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं होतं. ते चाललं नाही. कर्ज अंगावर घेऊन ते परत नोकरीवर गेले आणि पै न पै फेडली. घरात कधी याचा उच्चार नव्हता. आईला माहीत होतं, पण तीही गप्प राहिली. हे ऐकल्यावर एका नातेवाइकांनी मला सुचवलं की आता हे कशाला काढायचं, चांगलं तेवढं लिहावं.

मला हे अजिबात मान्य नाही. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ हे शब्द कुणाच्याही फोटोखाली चालतात. त्यात माझे बाबा कुठे आहेत? त्यांचा राग, त्यांचं बुडालेलं वर्कशॉप, नातीसमोर पाठीमागे बांधलेले हात, हे सगळं मिळून ते होते. राग वजा केला तर ते बांधलेले हातही साधेच वाटतील. त्या हातांना किती आवरावं लागत होतं, हे ज्याने तो चढलेला आवाज ऐकलाय त्यालाच कळतं.

नातवंडांसाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे. एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी 20 प्रश्नांची एक यादी केली होती. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा आत्मविश्वास जास्त दिसला, आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे ही भावनाही. मुलांकडून उत्तरं घोकून घेण्यात अर्थ नाही, हे उघड आहे. घरात बसून एकमेकांना सांगणं, ऐकणं होतं, त्याचा हा गुण. ड्यूक यांच्या मते मुलांना सर्वांत बळ देते ती चढउतारांची गोष्ट: आपलं बरं चाललं होतं, मग पडलो, मग सावरलो, आणि एकत्र राहिलो. माझ्या लेकीला ही गोष्ट आता मिळाली आहे. गणितात कमी गुण पडले तेव्हा तीच मला म्हणाली, "आजोबांचं वर्कशॉप पण बंद पडलं होतं ना?"

बाबा गेले तेव्हा तिला काय सांगायचं यावरही घरात चर्चा झाली. "झोपलेत", "लांब गेलेत" असं काही सांगायचं नाही, हे मी ठरवलं होतं. लहान मुलं शब्द अक्षरशः घेतात. आजोबा झोपले आणि उठलेच नाहीत, हे ऐकलेल्या मुलाला रात्री स्वतःच्या झोपेची भीती वाटू शकते. मी तिला सांगितलं की आजोबा वारले, त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत. ती रडली, आणि थोड्या वेळाने बाहेर खेळायला गेली. काहींना ते खटकलं. पण मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्याने येतं. मध्येच हसतील, खेळतील आणि आठवड्याने भलत्याच वेळी विचारतील, "मग त्यांचा चष्मा आता कुणाचा?" विचारलं की उत्तर द्यायचं, इतकंच आपल्या हातात असतं.

मोठ्यांनाही लोक "आता सावर" म्हणतात. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईड याने 1917 मध्ये लिहिलं होतं की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं हेच शोकाचं काम. पुढे 1920 मध्ये त्याची मुलगी सोफी गेली, आणि 1923 मध्ये तिचा छोटा मुलगा, फ्रॉईडचा अतिशय लाडका नातू. 1929 मध्ये, सोफी असती तर 36 वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याने एका मित्राला पत्र लिहिलं. मुलगा गमावलेल्या त्या मित्राला तो सांगतो की तीव्र दुःख ओसरेल, पण ती जागा पूर्ण भरून निघत नाही, आणि तसंच असायला हवं, कारण सोडायचं नसलेलं प्रेम टिकवण्याचा तोच एक मार्ग. सिद्धांत मांडणाऱ्या फ्रॉईडपेक्षा मला हा आजोबा झालेला फ्रॉईड जास्त खरा वाटतो.

आता एक कामाची गोष्ट. ज्यांचे वडील अलीकडे गेलेत त्यांनी फोनमधले त्यांचे व्हॉइस मेसेज आजच बाजूला काढून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज मुख्यतः आपापल्या फोनमध्येच राहतात, फोन बदलला किंवा बिघडला की जाऊ शकतात. मी बाबांचे सगळे निर्यात करून दोन ठिकाणी ठेवले. बहुतेकांत काहीच विशेष नाही. "पोचलीस का गं?", "गॅस बंद केलास ना?" आणि आधी घसा खाकरणं. लेकीसाठी पाठवलेल्या एकात मात्र ते बराच वेळ गिअरचे दात कसे मोजायचे ते समजावतात आणि शेवटी म्हणतात, "आईला विचारू नकोस, तिला नाही यायचं." तिने तो मला ऐकवला तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो.

बाबांसोबत ज्यांनी काम केलं, जे त्यांच्या हाताखाली शिकले, त्यांच्यातले काहीजण ही पोस्ट वाचत असतील. तुम्हाला आठवत असलेला एखादा प्रसंग मला पाठवा. त्यात ते रागावलेले असले तरी पाठवा, त्यांचं चुकलं असेल तोही पाठवा. लेकीने एक वही केली आहे, त्यात ती एकेक उतरवून घेते आणि प्रत्येकाला आकडा देते. वर्कशॉपच्या काळातलं आमच्याकडे अजून फारच कमी आहे.