कोण गेलं? अर्थात, जुना कार्यक्रम कसा ऐकावा

आकाशवाणीवर एखादा कधीच बंद झालेला कार्यक्रम पुन्हा लागला की पहिला प्रश्न विचारायचा तो असा : ‘कोण गेलं?’

हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आपल्याकडे जुन्या फिती उगाच कोणी झटकत नाही. त्यामुळे निवेदकाचं नाव कानावर पडलं रे पडलं की मोबाईल उचला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून द्या. खात्री करत बसू नका, तेवढ्यात दुसरा कोणी टाकेल. खाली दोन जोडलेले हात, एक पणती आणि ‘एका युगाचा अंत’. ज्यांच्या युगाचा अंत झाला ते गृहस्थ बहुधा त्या वेळी बोरिवलीत पिशवी घेऊन दळण आणायला गेलेले असतात. ‘बाबा ठणठणीत आहेत’ असं त्यांच्या सूनबाईंनी कुठून कुठून कळवलं तरी आपला मेसेज मागे घ्यायचा नाही. ‘ईश्वर त्यांना उदंड आयुष्य देवो’ ही ओळ खाली जोडली की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

एवढं झालं की कार्यक्रमाकडे वळायला हरकत नाही. म्हणजे अगदी ऐकायलाच हवा असं नाही.

आधी रेडिओ. तो माळ्यावर असतो. खाली काढून, धूळ पुसून, घरातल्या सगळ्यांना एकेकदा दाखवायचा आणि ‘ह्याला पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागायचं, माहितीये?’ असं विचारायचं. हे घरात सगळ्यांना माहीत असतं, गेल्या गणपतीतच सांगितलेलं असतं. मग सेल घालून मुंबई ‘ब’ लावायचं. त्याला आता अस्मिता वाहिनी म्हणतात, पण तुम्ही म्हणू नका. मुंबई ‘ब’, ५५८ किलोहर्ट्झ, असंच म्हणायचं. किलोहर्ट्झ म्हणजे काय ते कोणी विचारत नाही.

आवाज येणार नाही. अठराव्या मजल्यावर, चहूकडून सळया आणि काँक्रीट, घरात एलईडीचे दिवे, तीन चार्जर, एक राउटर. मध्यम लहरींनी यायचं कुठून? त्या दिव्यांच्या आणि चार्जरच्या आतल्या सर्किटांचा गोंगाट नेमका ह्याच लहरींवर बसतो. सेट खिडकीत नेऊन हळूहळू वळवला तर थोडा फरक पडतो, कारण आतली फेराइटची कांडी, म्हणजे सेटचा अँटेना, दिशा पाहून लहरी पकडते. पूर्वी घराघरांत रेडिओचं तोंड अमुक भिंतीकडेच का असायचं, ह्याचं उत्तर तिथे आहे. पण एवढ्या खटपटीची गरज नाही. ‘मुद्दाम खच्चीकरण चाललंय’ एवढं म्हटलं तरी भागतं. दिवा बंद करून बघू, असं घरातल्या कोणी सुचवलं तर त्याला गप्प करा.

शेवटी नातू मोबाईलवर ॲप काढून देतो आणि आवाज स्वच्छ, खणखणीत येतो. आता तक्रार करायची ती स्वच्छपणाची. ‘खरखर कुठे गेली? खरखरीतच खरी मजा होती.’ हीच खरखर तेव्हा यायला लागली की आपण सेटच्या डोक्यावर थाप मारत होतो, हे कोणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. एका गृहस्थांनी तर फितीवरचा आवाज साफ केल्याबद्दल केंद्राला पत्र लिहायचं ठरवलं होतं. पत्र लिहिलं असतं तर पन्नास वर्षांतलं पहिलंच ठरलं असतं.

आकाशवाणीची ती ओळखीची धून लागली की डोळे मिटा. तिचं श्रेय वॉल्टर कॉफमन ह्या ज्यू संगीतकाराला दिलं जातं. हिटलरच्या छायेतून निसटून ते १९३४ साली मुंबईत आले आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम बघू लागले. ह्या धुनेत शिवरंजनी ऐकू येतो असं जाणकार सांगतात. तुम्ही मात्र ठामपणे ‘रविशंकरांची आहे’ म्हणून टाका. रविशंकरांचं नाव दूरदर्शनच्या धुनेशी जोडलं जातं हे कोणाला ठाऊक असलंच तर तो भिडस्त असतो, चारचौघांत बोलत नाही.

आता ऐकण्याचा मुख्य विधी. तो विलेपार्ल्यातल्या एका काकांकडून शिकण्यासारखा आहे. स्टीलच्या उभ्या पेल्यात मोबाईल सोडला की आवाज मोठा येतो, हा शोध त्यांचा नसला तरी हक्क त्यांचा आहे. पेला टीपॉयवर, काका आरामखुर्चीत, काकू सोफ्याच्या कडेला मटार सोलत. पेल्यातून जुनी श्रुतिका सुरू होते.

‘हा बघ. ह्याला म्हणतात आवाज,’ काका सुरू होतात. ‘आताचे ते आरजे नुसती बडबड करतात. माणसाला ऐकू म्हणून देत नाहीत.’

‘अहो, काय म्हणाली ती?’

‘कोण?’

‘रेडिओतली. पत्र कोणी लपवलं म्हणाली?’

‘ते सोड गं. मी काय सांगतोय, आमच्या चाळीत तेव्हा एकच सेट होता, आणि तो पण...’

चाळीतला सेट, त्याचा मालक, मालकाचा स्वभाव आणि त्याच्या मुलीचं पुढे काय झालं, हे सगळं संपेपर्यंत पेल्यातून टाळ्या ऐकू येतात आणि निवेदिका कलाकारांची नावं सांगू लागते. काकूंचा चेहरा बघण्यासारखा होतो. ही श्रुतिका त्यांनी लग्न होऊन गिरगावात आल्यावर पहिल्यांदा ऐकली होती, तेव्हाही पत्र कोणी लपवलं ते कळायच्या आतच नळाला पाणी आलं होतं. सगळ्या चाळीत तेव्हा बादल्यांचा आवाज. आता पाणी चोवीस तास आहे, पण काकासुद्धा चोवीस तास आहेत. मटाराचं पातेलं उचलून त्या आत गेल्या. ह्यावर काकांचं मत असं, की बायकांना जुन्या कार्यक्रमांची आवड राहिली नाही.

कार्यक्रम संपल्यावर चर्चा लागते. तिच्यासाठी काही वाक्यं पाठच करून ठेवा. ‘तेव्हा सगळं थेट असायचं, चूक करायला वाव नव्हता,’ हे त्यातलं पहिलं. आकाशवाणीवर सुरुवातीच्या काळात बरंच काही थेट होतं, ही गोष्ट खरी. पण हे वाक्य टाकणारे दहातले आठजण उदाहरण म्हणून अमीन सायानींची गीतमाला देतात. ती आधी मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची, फिती कोलंबोला जायच्या आणि बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवरून आपल्याला ऐकू यायच्या. मुंबईचा आवाज मुंबईकरांनी समुद्रापलीकडून ऐकला, कारण १९५२ च्या सुमारास माहिती आणि नभोवाणी खातं सांभाळणाऱ्या बाळकृष्ण केसकरांना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी नको होती. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, विविध भारती काढावी लागली. ह्यातलं काहीही चर्चेत आणू नका. मूड जातो. ‘आकाशवाणीनेच आपल्याला गाणी ऐकवली’ म्हणा आणि मान हलवा.

दुसरं वाक्य : ‘तेव्हाचे विनोद किती सभ्य.’ हे मात्र कार्यक्रम लागायच्या आत म्हणून घ्या. एकदा लागला की त्यात बायकोच्या स्वयंपाकावर, सासूच्या मुक्कामावर आणि मोलकरणीच्या बोलण्यावर जे काही येतं त्याने शेजारी बसलेली सून वर बघते. तिने वर बघितलं की ‘काळ वेगळा होता’. दोन्ही वाक्यं लागोपाठ म्हटली तरी चालतात, कोणी अडवत नाही.

तिसरं भांडण आवाजांचं. ‘पुन्हा प्रपंच’ ह्या श्रुतिकांच्या मालिकेतली मीनावहिनी कोण, पंत कोण आणि टेकाडे भावजी कोण, ह्यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर माणसं उठून उभी राहिलेली आहेत. पात्रांची नावं सगळ्यांना पाठ, आवाज ज्यांचे होते त्यांच्या नावांवर हाणामारी. नभोनाट्यातल्या नटांच्या वाट्याला आलेला हा मानच म्हणायचा, पण त्यांना स्वतःला तो कसा वाटला असता, सांगता येत नाही.

मागणी हा तर रसिकाचा जन्मसिद्ध हक्क. जुनं काही एक लागलं की बाकीचं सगळं मागा. त्यात कामगारांसाठीचा जुना कार्यक्रम, ‘कामगार सभा’, वर ठेवा. ‘काय गाणी लागायची हो! दुपारचं जेवण त्याच्यावरच व्हायचं.’ ही मागणी शक्यतो लोअर परळच्या एखाद्या टॉवरमधून करा. खाली पूर्वी गिरणी होती, गेटावरचं नाव बिल्डरने हौसेने तसंच ठेवलंय, भोंग्याच्या चिमणीला रात्री निळे दिवे सोडलेत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला असं कोणी जाहीर केलंच नाही, आणि बहुतेकजण परत खात्यात गेलेही नाहीत. आपल्याला सभा परत हवी आहे. कामगारांचं बघू नंतर.

आणि फिती! ह्या विषयावर संतापायचं कसं, ते नीट समजून घ्या. ‘सगळे भाग का लावत नाहीत? जपून का ठेवले नाहीत? हा ठेवा होता!’ टेबलावर मूठ आपटली तरी चालेल. पूर्वी टेप महाग, मिळायची मारामार, त्यामुळे कार्यक्रम झाला की त्याच फितीवर पुढचा कार्यक्रम चढवला जायचा. ब्लेडने फीत कापून, चिकटपट्टीने जोडून जी माणसं अर्ध्या तासाचा कार्यक्रम उभा करत, तीच माणसं दुसऱ्या आठवड्यात तो पुसत. आज जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं कोणीतरी नियम मोडून कपाटात मागे सारून ठेवलं म्हणून वाचलं असणार. सरकारी कपाटाला कडी नीट लागत नाही, ही अशा वेळी देवाची कृपा.

संतापत असताना आपल्या घरातल्या कॅसेटची आठवण काढू नका. सासूबाईंनी दिंडीत भरून आणलेली भजनं. तिच्या वरच्या कडेच्या दोन पाकळ्या त्यांनी मुद्दाम तोडून ठेवलेल्या, म्हणजे त्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये. त्या खाचांवर सेलोटेप लावून १९८९ साली त्यावर सिनेमाची गाणी भरणारे हात कोणाचे होते, ते घरातल्या घरात राहू द्या. सासूबाई बोलल्या नाहीत. तुम्ही आकाशवाणीला बोला.

एवढं केल्यावर निवृत्त निवेदकाला प्रत्यक्ष गाठण्याची संधी आली तर सोडू नका. ते दादरला, प्लाझासमोर, मेथीची जुडी हातात धरून भावाची घासाघीस करत असतात. आवाजावरून ओळखायचं. ओळखलं की, ‘एकदा म्हणा ना, हे आकाशवाणीचं मुंबई केंद्र आहे!’ ते आढेवेढे घेतील. आग्रह सोडू नका. माणूस म्हणतो, भाजीवाली दचकून बघते, दोन-तीन लोक थांबतात, तुम्ही मोबाईलवर टिपून घेता. मग विचारायचं : ‘सध्या काय करता?’ काहीही उत्तर आलं तरी ‘छान, छान’ म्हणायचं आणि आतला प्रश्न शेवटी विचारायचा : ‘तुम्हाला हयातीतच लावलं, ह्याचं बरं वाटलं असेल नाही?’ पेन्शन मिळतं का, पुनःप्रसारणाचे काही पैसे येतात का, कंत्राटावर किती वर्षं काढली, असल्या रुक्ष गोष्टींत शिरू नका. जुडी त्यांच्याच पैशांनी घेऊ द्या.

जाता जाता आजच्या निवेदकांचं. चर्चगेटला आकाशवाणीच्या इमारतीत आजही कोणीतरी पहाटेच्या ड्युटीला पोचलेलं असतं. विरारहून पहिली गाडी पकडून, हंगामी म्हणून, महिन्यात मिळतील तेवढ्या पाळ्या करत, आवाज बसू नये म्हणून खिशात खडीसाखर ठेवून. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. त्यांनी अजून तीसेक वर्षं थांबावं. बंद पडले, निवृत्त झाले, पुन्हा लागले की आपण आहोतच.

मधल्या काळात एक सह्यांची मोहीम काढा. ‘हे पुनःप्रसारण कायम सुरू ठेवा.’ कट्ट्यावर सह्या भराभर मिळतात, वेळ कुठली ते विचारणारा एखादाच. तुम्हालाही नक्की आठवणार नाही, मालिकेच्या वेळेशी टक्कर होते एवढंच माहीत असेल. मग एका संध्याकाळी वीज जाते, टीव्ही बंद पडतो, हात आपोआप मोबाईलकडे जातो आणि ॲपवर भलतंच काहीतरी लागलेलं असतं. शेतीविषयक. तडक केंद्राचा नंबर शोधा, ड्युटी रूमला फोन लावा आणि आवाज चढवून विचारा, कालपासून आमचा कार्यक्रम का बंद केला?

‘काल नाही हो काका,’ ड्युटी ऑफिसर म्हणतील, ‘दिवाळीच्या आधीच संपला तो.’

तेव्हा जराही गडबडू नका. ‘बरं,’ म्हणा, ‘कोण गेलं?’