‘जेनोवा म्हणजे नुसतं गाडी बदलायचं स्टेशन’ हे कुणी ठरवलं?

युरोपच्या सहलींचे बेत सुरू झाले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला. चौथ्यांदा थेट मावशीनं पाठवला, खाली “तू जाऊन आलीस ना, खरं का गं हे?” असं लिहून. मेसेजमध्ये थोडक्यात असं म्हटलंय: जेनोवा हे इटलीतलं नुसतं बंदर, मिलानहून चिंक्वे तेर्रेला, म्हणजे समुद्रकाठच्या त्या पाच गावांना, जाताना गाडी बदलण्यापुरतं. पाहायला काही नाही. रेल्वे-बसच्या भरवशावर राहू नका, रोज संप असतात, मिलानलाच मोटार भाड्यानं घ्या. शहर डोंगरावर आहे, वयस्कर माणसांना नेऊ नका. शाकाहारी असाल तर डबे बांधून न्या. अंधार पडल्यावर हॉटेलबाहेर पडू नका.

मी एप्रिलात आईला घेऊन तिथे तीन रात्री राहिले. आईचं वय बहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मोटार घेतली नाही. टॅक्सी एकदाच केली, तीही पाऊस कोसळायला लागला म्हणून. त्यामुळे मावशीला फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

मोटारीपासूनच सुरू करते, कारण मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला तोच. जेनोवाचा नकाशा उघडून बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लगेच डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत तीसेक किलोमीटर लांबीला पसरलेलं शहर. जुन्या भागातल्या गल्ल्यांना तिथे ‘कारूजी’ म्हणतात. त्यातल्या कित्येक इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात. तिथे मोटार जातच नाही. बाकी मध्यवस्तीत जागोजागी ‘झेडटीएल’, म्हणजे ठरावीक वाहनांनाच परवानगी असलेले भाग. पाटी इटालियनमध्ये, वर कॅमेरा. तुम्ही आत शिरलात हे तुम्हाला कळतही नाही. काही महिन्यांनी घरी दंडाची नोटीस येते आणि गाडी देणाऱ्या कंपनीनं तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे पैसे कार्डावरून आधीच कापलेले असतात. शिवाय आपला परवाना एकटा तिथे चालत नाही, सोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. हे मेसेजमध्ये नाही. पुण्यात पेठेत चारचाकी घालायची ज्याला हौस आहे, त्यानं खुशाल घ्यावी.

आता रेल्वे. मिलान ते जेनोवा गाडीनं दीड ते दोन तास. शहरात दोन मोठी स्टेशनं: पश्चिमेला पियात्सा प्रिंचिपे, पूर्वेला ब्रिन्योले. जुनं शहर बरंचसं या दोघांच्या मध्ये. मेट्रोही आहे, एकच मार्ग, आठ स्टेशनं, ही दोन्ही स्टेशनं जोडणारी. मुंबईकरांना ती खेळण्यातली वाटेल, पण जुनं बंदर आणि मुख्य चौक, पियात्सा दे फेर्रारी, दोन्ही तिच्यावर आहेत. शहराच्या त्या लांबलचक पट्टीतून किनाऱ्यालगत लोकल गाड्या धावतात. नेर्वीला उतरलात की समुद्र समोरच, आणि खडकांच्या कडेनं जाणारा दोनेक किलोमीटरचा पायरस्ता स्टेशनालगत सुरू होतो. आई तिथल्या बाकावर तासभर बसली होती. उठायला तयार नव्हती.

चिंक्वे तेर्रेचंही तेच. “पाच गावं मोटारीनं एका दिवसात करा” असं मेसेज म्हणतो. त्या गावांच्या आत बाहेरच्यांच्या मोटारी जात नाहीत. गाडी वर कुठेतरी लावायची, जागा मिळाली तर, आणि खाली चालत यायचं. उलट लेवांतो ते ला स्पेत्सिया अशी लोकल पाचही गावांना थांबते आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचायला काही मिनिटंच लागतात. कोर्निल्या हे गाव तेवढं कड्यावर आहे. स्टेशनापासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या. तिथे छोटी बस वर नेते. आम्ही ते गाव सरळ सोडलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

जवळचं हवं असेल तर कामोल्यी. लोकलनं पाऊण तासाच्या आत. तिथून बोटीनं सान फ्रुत्तुओझो, डोंगराच्या कुशीतला जुना मठ. तिथे रस्ताच नाही. बोटीनं जा, नाहीतर डोंगरातून पायी. मोटारवाल्यांनी काय करायचं ते मेसेजवाल्यांनाच विचारा. समुद्र खवळलेला असला की बोटी बंद होतात, एवढं मात्र लक्षात ठेवा.

“रोज संप” हा मुद्दा अगदीच खोटा नाही. इटलीत संप होतात, बरेच होतात आणि शुक्रवारी जरा जास्तच होतात. पण ते आदल्या रात्री ठरत नाहीत. सार्वजनिक सेवांमधल्या संपाची आगाऊ सूचना देणं १९९० च्या कायद्यानं बंधनकारक आहे, आणि परिवहन मंत्रालयाची संपांची यादी कुणालाही बघता येते. शोधायचा शब्द ‘शोपेरो’ (sciopero), म्हणजे संप. संपाच्या दिवशीसुद्धा, कामाचा वार असेल तर, सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत प्रादेशिक रेल्वेच्या ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. शहरातल्या बसच्या राखीव वेळा वेगळ्या असतात. आमच्या चार दिवसांत एक संप आला. त्या दिवशी आम्ही सकाळी नऊच्या आत नेर्वीला पोचलो आणि सहानंतर परतलो. एवढंच.

संपापेक्षा आपल्या लोकांना भोवतं ते तिकीट. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारायचा. फोनवर घेतलंत तर निघण्याआधी चेक-इन करायचं. पैसे भरलेले असले तरी हे केलं नाही तर दंड. पहिल्या दिवशी मीच विसरले. तपासनिसानं आईकडे बघितलं, पेनानं तिकिटावर वेळ लिहिली आणि पुढे गेला. प्रत्येक वेळी तुमच्याबरोबर आई असेलच असं नाही.

आता डोंगर आणि म्हातारी माणसं. मेसेज इथे सगळ्यात जास्त चुकला आहे. जेनोवा चढाचं शहर आहे हे खरं, आणि म्हणूनच तिथल्या लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच त्यावर उपाय शोधून ठेवला. या शहरात लिफ्ट हे सार्वजनिक वाहन आहे. पियात्सा पोर्तेल्लोवरून टाइल्स लावलेल्या बोगद्यात शिरायचं, टोकाला लिफ्ट, आणि दार उघडतं ते थेट कास्तेलेत्तोच्या सज्जावर. १९०९ सालापासूनची ही सोय. वर गेलं की खाली पाटीच्या दगडाची करडी छपरं, त्यापलीकडे बंदर, क्रेन, आणि दूर ‘लान्तेर्ना’ हा ७७ मीटर उंच दीपस्तंभ, आजच्या रूपात १५४३ पासून उभा. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका आमच्याबरोबर वर आल्या आणि त्या देखाव्याकडे न बघता घरी निघून गेल्या.

लिफ्ट अशा बऱ्याच आहेत. प्रिंचिपे स्टेशनाजवळच्या वीया बाल्बीवरून सुटणारी तर विचित्रच. डब्यात बसलं की तो आधी डोंगराच्या पोटात दोनशेहून जास्त मीटर आडवा धावतो, मग थांबतो, जरा सरकतो आणि तोच डबा सत्तरेक मीटर उभा चढतो. आईला वाटलं बिघडला. वर निघतो तो दाल्बेर्तिस नावाच्या दर्यावर्दी कप्तानाच्या किल्ल्याच्या दारात. शिवाय दोरीनं ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर आहेत. लार्गो झेक्काहून रीगीला जाणारी सगळ्यात लांब, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास नेऊन सोडते. स्टेशनामागून दातेरी रुळांची ग्रानारोलोची गाडी निघते, ती १९०१ ची. यातली एखादी दुरुस्तीसाठी बंद असू शकते, तेव्हा निघताना चौकशी करा. गुडघेदुखीच्या माणसाला मी रोमच्या आधी जेनोवा सुचवेन.

एक खरी अडचण सांगते, जी मेसेजमध्ये नाही: सामान. कारूजीमधल्या दगडी फरशांवर चाकाची बॅग ओढणं हा छळ आहे. आम्ही मुक्काम ब्रिन्योलेजवळ, सपाटीवर घेतला.

“शाकाहारी उपाशी मरेल” हे वाचून तर मला हसू आलं. जेनोवाचा हक्काचा खाऊ म्हणजे फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस. पातळ भिजवून मोठ्या तांब्याच्या परातीत ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत भाजायचं. वरून खरपूस, आत मऊ, वर मिरपूड. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हे तर बेसनाचं धिरडंच की, नुसतं मिरची विसरलेत.” दुसऱ्या दिवशी पनिस्सा मिळाली. तेच पीठ शिजवून घट्ट करायचं, थापायचं, तुकडे पाडायचे. पाटवडीच. तिथे ती बहुतेक तळून देतात. पेस्तो (बेसिलच्या पानांची हिरवी चटणी) मूळचा इथलाच, आणि इथे पेस्तोच्या पास्त्यात उकडलेला बटाटा आणि फरसबी घालतात. फोकाच्च्या हा चपटा पाव सकाळपासून बेकरीत असतो. अक्रोडाच्या सॉसमधले, आत पालेभाजी भरलेले पान्सोती आहेत. डबे आम्ही नेले होते, ते परतीच्या विमानात संपवले.

काटेकोर शाकाहाऱ्यांनी मात्र दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. पेस्तोतल्या पार्मेझानसारख्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. आणि पेस्तो आधीच वाटून ठेवलेला असतो, त्यातला लसूण काढता येत नाही, म्हणून जैन मंडळींनी फारिनातावर भर द्यावा. ‘आच्चूगे’ (acciughe) हा शब्द दिसला की मासळी.

“पाहायला काही नाही” याला काय उत्तर द्यावं? वीया गारिबाल्दी या एका रस्त्यावर श्रीमंत सावकारांचे वाडे ओळीनं उभे आहेत. शहरातले असे ४२ वाडे २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. त्यातल्याच एकात प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन आहे. सान लोरेन्झोच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या कॅथीड्रलमध्ये ब्रिटिश आरमारानं ९ फेब्रुवारी १९४१ ला डागलेला, आत येऊन पडलेला आणि न फुटलेला तोफगोळा ठेवलाय. कोलंबसचं घर म्हणून दाखवतात ते मात्र पुन्हा बांधलेलं आहे, रांग लावण्याइतकं नाही.

आणि मराठी माणसानं ज्यासाठी थांबावं ते वीया लोमेल्लीनीवर, रीगीच्या फ्युनिक्युलरपासून चार पावलांवर: इटलीच्या स्वातंत्र्यलढ्यातला नेता मॅझिनी, त्याचं जन्मघर. १८०५ चा जन्म. आता तिथे त्याच लढ्याचं संग्रहालय आहे. सावरकरांनी लंडनला असताना याच मॅझिनीचं लेखन मराठीत आणलं, ते १९०७ साली पुण्यात छापलं गेलं आणि सरकारनं जप्त केलं. नाशिक-पुण्याच्या त्या पिढीनं ज्याचं नाव मंत्रासारखं घेतलं, त्याच्या घरात आम्ही दोघीच होतो. त्याची समाधी स्ताल्येनोच्या स्मशानभूमीत आहे, शहराच्या बसनं जाता येतं. आईनं तिथेही यायचा हट्ट धरला.

राहता राहिला अंधार. जुन्या बंदरामागच्या काही गल्ल्या रात्री ओसाड असतात, तिथे मीही गेले नाही. दे फेर्रारी चौकात दहा वाजता लोक आइस्क्रीम खात उभे होते. जास्त काळजी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाची करा. २०११ आणि २०१४ मध्ये त्याच महिन्यांत या शहरात जीवघेणे पूर आले.

एका गोष्टीत मेसेज बरोबर आहे. किनारा सोडून आतल्या डोंगरातली खेडी बघायची असतील तर बस दिवसातून मोजक्याच आणि रविवारी त्याहून कमी. तिथे मोटार लागेल. पण ती सहल चार दिवसांची नव्हे, आणि मावशीला तिकडे जायचंही नाहीये. तिनं फोन ठेवताना विचारलं ते एवढंच, की ते धिरडं नक्की कुठे मिळतं.