पांढऱ्या रंगाने पत्र्याखाली ऊब राहत नाही

दिवाळी सरली की निपाणी-चिक्कोडीपासून खानापूरपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो: पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, आतून चांदीचा कागद लावून त्यावर प्लायवूड घट्ट ठोका, सगळ्या फटी बुजवा आणि खोलीत शेगडी ठेवा, ऊब रात्रभर टिकेल.

शेवटच्या सल्ल्याला आधी उत्तर देतो, कारण तो जिवावर बेतणारा आहे. कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. निजण्याच्या खोलीत शेगडी नकोच.

पांढरा रंग ऊन परतवतो, हे खरे आहे, आणि एप्रिल-मेसाठी तो जरूर द्यावा. परंतु रात्री परतवायला ऊनच नसते. निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. म्हणूनच पहाटे पत्र्याच्या आतून पाणी ठिबकते. ती गळती नसते, आपल्याच श्वासातली आणि स्वयंपाकाची वाफ तिथे गार पत्र्यावर दवासारखी जमलेली असते. जस्ताचा नवा, उघडा पत्रा अशी उष्णता तुलनेने कमी सोडतो, पण त्याला रंग दिला, मग तो पांढरा असो वा काळा, की हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे हिवाळ्यापुरता हा उपाय उलटाच पडतो.

चांदीच्या कागदाचे म्हणणे अर्धे खरे आहे. चकचकीत पृष्ठभाग किरणे परतवतो, मात्र त्याच्यासमोर दोन-तीन सेंटिमीटर तरी हवेची पोकळी हवी. पत्रा आणि प्लायवूड यांच्यामध्ये तो दाबून बसवला की उष्णता स्पर्शानेच पलीकडे जाते आणि कागदाचे पैसे वाया जातात.

उष्णता अडवते ती मुख्यतः कोंडलेली, स्थिर हवा. खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरांत फळ्यांचा माळा असे आणि त्यावर पिंजर, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, रचलेली असे. ती ऊब त्या पिंजरीत अडकलेल्या हवेची होती. आज छताखाली सपाट सीलिंग करून त्यावर पाच सेंटिमीटर जाडीचे थर्मोकोल किंवा काचलोकर (ग्लासवूल) पसरली, तर उघड्या पत्र्यातून जाणारी उष्णता साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. थर्मोकोल झटकन पेट घेते, त्यामुळे चुलीच्या खोलीत ते वापरू नये आणि इतरत्रही उघडे ठेवू नये. स्लॅबच्या घरालाही स्थिर हवेचा हाच नियम लागू आहे. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी ऊब देतो, पण पहाटेपर्यंत तो गार पडतो.

फटींबाबत संदेशाचा थोडा मान राखावा लागेल. वर चढणारी गरम हवा सीलिंग आणि भिंत यांच्या सांध्यातून निसटते, तेव्हा तो सांधा बुजवावाच. कौलांमधल्या फटी मात्र तशाच राहू द्याव्यात, म्हणजे माळ्यावरची ओल वाळते आणि वासे कुजत नाहीत.